रस्त्याकडेची आमरी आणि मी लिहिलेले ‘नाही’

दिवाळी अंकात लिहिण्याइतकी माझी योग्यता नाही, हे मी संपादकांना दोनदा कळवले होते. तिसऱ्यांदा नकार देण्याचे धाडस अंगी नसल्यामुळे हा लेख होतो आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. माझे शिक्षण संस्कृतचे, आणि माहेरी-सासरी दोन्हीकडे पोथ्या नाहीतर दप्तरे सांभाळणारी माणसे. झाडाशी आमचा संबंध तुळशीपुरता. ज्यांनी या शास्त्रात हयात घालवली त्यांनी हा मजकूर वाचू नये अशी माझी नम्र विनंती आहे. इतरांनी माझ्या चुका सांभाळून घ्याव्यात. त्यांपैकी सर्वांत मोठी चूक मी स्वतःच पुढे सांगणार आहे, कारण तिचा निकाल अजून लागलेला नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुले आपापल्या मार्गाला लागल्यावर, मी शहरातल्या एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात कामाला लागले. निवड झाली ती अक्षर चांगले म्हणून. विभागात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. जाड कागदावर झाड टाक्यांनी शिवायचे आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव, गाव, तारीख, कोणी गोळा केले. त्या चिठ्ठ्या लिहिणे हे माझे काम. संग्रहाचे प्रमुख माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान होते. मी त्यांना ‘सर’ म्हणे आणि ते मला ‘काकू’ म्हणत. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलेल्या चिठ्ठ्या पाहून ते म्हणाले, “काकू, अक्षर फार सुरेख आहे. पण ही चिठ्ठी तुम्ही दुसऱ्याच झाडाखाली लावलीत.”

मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी झाड पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यातच अडकले.

आमरी म्हणजे ज्याला सगळे ऑर्किड म्हणतात ते. बहुतेकांना वाटते की ती फुले फक्त लग्नाच्या मंडपात नाहीतर विमानातून येणाऱ्या पुष्पगुच्छात असतात. मलाही तसेच वाटत असे. मग एके दिवशी सरांनी माझ्यापुढे एक हिरवट-तपकिरी, चौकटी-चौकटींचे, जांभळ्या ओठाचे फूल ठेवले आणि विचारले, “हे कुठले असेल सांगा?”

“हिमालयातले?” मी म्हटले.

“पैठण रोडचे. आंब्यावरचे. तुम्ही त्या आंब्याखालून शंभर वेळा गेला असाल.”

मग त्यांनी मला फूल कसे वाचायचे ते शिकवले. आमरीच्या फुलाला बाहेरची तीन दले आणि आतल्या तीन पाकळ्या. आतल्या तिघींपैकी एक नेहमी वेगळी असते. ती रुंद असेल, फाटलेली असेल, पिशवीसारखी असेल, पण इतर दोघींसारखी नसते. तिला ओठ म्हणतात. दुसरी खूण अशी की पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे नसून दोन्ही मिळून मधोमध एकच खुंटी झालेली असते. सरांनी टाचणी दिली आणि त्या खुंटीच्या टोकाला हळूच लावायला सांगितली. टाचणी मागे घेतली तर तिच्या टोकाला दोन पिवळे, मोहरीहून लहान गोळे चिकटून आले होते. सगळे परागकण दोन गाठोड्यांत बांधून ठेवलेले. फुलात शिरणाऱ्या माशीच्या कपाळावर ते असेच चिकटतात आणि ती ते ओझे घेऊन दुसऱ्या फुलावर जाते. मी ती टाचणी दुपारभर हातात धरून बसले होते. व्याकरणातला एखादा अवघड समास सुटल्यावर होतो तसा आनंद मला झाला होता. दुसरी उपमा मला सुचत नाही.

रस्त्याच्या कडेशी माझा संबंध आला तो शहर वाढू लागल्यामुळे. चारी बाजूंचे रस्ते रुंद होऊ लागले होते. रस्ता रुंद करण्यापूर्वी कडेला काय काय उगवते याची यादी ठेकेदार कंपनीला द्यावी लागे. कंपनी ते काम आमच्या महाविद्यालयाकडे देई, आणि सरांचे तास असल्यामुळे ते ओघानेच माझ्याकडे येई. डांबर आणि शेताचा बांध यांच्यामध्ये जी दहा-पंधरा पावलांची पट्टी असते ती मोठी विलक्षण जागा आहे. तिथे नांगर फिरत नाही. डांबरावरून वाहिलेले पाणी तिथे मुरते. कुंपण नाही, राखण नाही, म्हणून जंगलातून हाकललेले पुष्कळ काही तिथे येऊन राहते. त्या पट्टीतून मी पायी चालायची, आणि मागून गाडी हळूहळू यायची. गाडीचे चालक रशीदभाई. ते जन्माने शहागंजचे आणि स्वभावाने तत्त्वज्ञ.

“मॅडम,” ते पहिल्या दिवशी म्हणाले, “मी मंत्री फिरवले, वरातीत नवरदेव फिरवले. पर गवत बघायला गाडी पहिल्यांदाच काढली.”

“गवत नाही हो रशीदभाई, आमरी.”

“हौ, तेच. आपल्याला दोन्ही हिरवंच.”

वर्षभराने तेच गाडी थांबवून खिडकीतून बोट दाखवू लागले आणि अर्ध्याहून अधिक वेळा त्यांचे बरोबर असे.

चितेगावच्या अलीकडची गोष्ट. रस्त्याकडेच्या आंब्यावर एक शेतकरी विळा घेऊन चढलेले आणि सपासप आमरी सोलून खाली टाकत होते. मी घाबरत घाबरत म्हटले, “दादा, थांबता का जरा?”

“बांडगूळ हाय बाई. झाडाचं रगत पितंय. आंबा वाळू राहिला.”

आता बांडगूळ आणि आमरी हा फरक मला सांगता येत होता, पण झाडावर चढलेल्या माणसाला खालून शिकवायचे माझ्याने होईना. मी खाली पडलेली एक आमरी उचलली आणि तिची जाड पांढरी मुळे त्यांना दाखवली. म्हटले, “हिचे मूळ सालीच्या आत शिरते का, तेवढे पाहा. आत शिरलेले असेल तर मी निघून जाते.” त्यांनी बोटाने एक मूळ उकलले. ते नुसते सालीवरून सुटून आले, खाली झाडाला ओरखडासुद्धा नाही. दुसरे उकलले. तेही तसेच. मग त्यांनी वरच्या फांदीवरचे खरे बांडगूळ ओढून पाहिले. ते लाकडात रुतलेले होते, निघेना. फांदीवरूनच त्यांनी विचारले,

“म्हंजी हे नुसतं बसायलाच आलंय?”

“हो. खाणेपिणे हवेतून आणि पावसातून.”

“मंग फुकटचा भाडेकरू हाय म्हना की!” असे म्हणून ते हसत खाली उतरले आणि तोडलेल्यांपैकी एक आमरी सुंभाने पुन्हा खोडाला बांधली. आंबा वाळत होता तो पाण्यावाचून. दुष्काळाची ती वर्षे होती. शहरात आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, तिथे त्या आंब्याला कोण पाणी घालणार?

दुसरे एक गृहस्थ थेट विभागात आले होते. पांढरे कपडे, गॉगल डोक्यावर सरकवलेला. शहराबाहेर त्यांनी प्लॉट पाडले होते आणि वसाहतीला ऑर्किडचे नाव दिले होते. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक फूल काढून माझ्यापुढे ठेवले. “मॅडम, आमच्या साइटवर हे आपोआप उगवतं. हे ऑर्किड आहे असं कॉलेजच्या लेटरहेडवर द्या.”

ती कर्दळ होती. नाल्याकाठी उगवते ती साधी, तांबडी कर्दळ. मला समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे फार जड जाते. मी म्हटले, “उद्या सांगते.” दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा मी फूल उलगडून त्यांना सगळे समजावले. त्यांनी अगदी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पटलं. पण मॅडम, बोर्ड छापून झालाय. आता नाव तर बदलता येत नाही, फूल बदलता येतंय का बघा.”

सर आतल्या खोलीत होते. त्यांना हसू आवरेना म्हणून ते खोकत राहिले.

असे विनोदी प्रसंग पुष्कळ सांगता येतील. पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते हे नव्हे.

देवगाव रंगारीच्या रस्त्याचे काम आले ते लागोपाठ दुसऱ्या दुष्काळी वर्षी. भाद्रपद उलटत आला होता आणि कडेचे गवत चैत्रात असावे तसे वाळलेले होते. यादीचा एक छापील तक्ता असे. प्रत्येक किलोमीटरला एक ओळ, आणि प्रत्येक वनस्पतीपुढे दोन रकाने: ‘आहे’ आणि ‘नाही’. खाली माझी सही. एका नळपुलाच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीच्या, उताराला मी आले तेव्हा पलीकडच्या शेतातून एक बाई खुरपे हातात घेऊन पाहत होत्या. साठीच्या आसपासच्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. त्यांचे नाव मथुराबाई.

“काय हुडकू राहिले बाई? काही पडलं का?”

मी सांगितले की लहान लहान झाडे शोधते आहे.

“पिवळी फुलं? बोटाएवढी दांडी?” त्यांनी खुरप्यानेच उताराकडे दाखवले. “हितंच येतात की. पानं भुईला चिकटलेली, केन्याच्या भाजीवानी, अन् कडंला पिवळी रेघ. गणपती उठायच्या टायमाला हा सगळा उतार पिवळा असतो.”

 जमिनीला चिकटलेली पाने, पानाला पिवळी कड, बोटभर दांड्यावर पिवळी फुले: हे वर्णन झाडावर न वाढता जमिनीतल्या गड्ड्यातून उगवणाऱ्या पिवळ्या हबे-आमरीचे होते, आणि ते वर्णन वाचून केलेले नव्हते. शहराच्या इतक्या जवळ, रस्त्याच्या कडेला, ती एवढ्या संख्येने असल्याचे आमच्या संग्रहात कुठेही नव्हते.

“तुम्ही त्याला काय म्हणता?” मी विचारले.

“नाव कशाला पाह्यजे? शेळ्या खात नाय, आपण खात नाय.”

मी, रशीदभाई आणि मथुराबाई, आम्ही तिघांनी तो उतार गुडघ्यांवर बसून पाहिला. एक पान सापडले नाही. भेगाळलेली माती होती आणि वाळलेले कुसळ.

“औंदा नाय आली,” मथुराबाई म्हणाल्या. “मागच्या सालीबी नव्हती. त्याच्या आदुगर लई होती.”

“मग गेली असतील,” मी म्हटले.

“जातील कुठं? निजली असतील. पानी नाय तर उठून काय करायचं?”

हे वाक्य मला पटले होते, असे आज मी शपथेवर सांगेन. आमरीच्या जमिनीतल्या गड्ड्याविषयी मी वाचलेले होते. दरवर्षी जुना गड्डा सुकतो आणि शेजारी नवा तयार होतो, आणि पाऊस कमी पडला तर एखाद्या वर्षी झाड वर येतच नाही, हेही मी वाचले होते. पण तक्त्यावर ‘निजले आहे’ असा रकाना नव्हता. मला शिकवलेला नियम असा की जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहायचे नाही. त्या नियमाचा आधार घेऊन मी ‘नाही’ या रकान्यात फुली मारली आणि सही केली. नियमाचा आधार घेतला असे मी म्हणते, पण खरे कारण दुसरे होते. एका शेतकरी बाईच्या तोंडच्या माहितीवरून मी ‘आहे’ लिहिले, आणि उद्या कोणी दाखवा म्हणाले, तर माझे हसे होईल ही भीती. उशिरा शिकलेल्या माणसाला हसे होण्याची भीती फार असते. लहानपणी शिकणारे चुकायला सरावलेले असतात.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कन्नडच्या बाजूला दुसऱ्या कामासाठी आम्ही त्याच रस्त्याने निघालो होतो. रुंदीकरण सुरू झाले होते. एका बाजूला मुरमाचे ढीग, दुसऱ्या बाजूला उखडलेले बाभळीचे बुंधे. नळपुलाच्या अलीकडे रशीदभाईंनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुमचं ‘नाही’ बघा.”

उतार पिवळा झाला होता. मी खाली उतरले, पण पाय कुठे ठेवावा कळेना. जिथे पाहावे तिथे दोन-तीन पाने जमिनीला गच्च चिकटलेली, पानांना बारीक सोनेरी कड, आणि मधून निघालेल्या दांड्यावर दाटीवाटीने लागलेली फुले. मी एक फूल हातात घेऊन तीन दाते पडलेला ओठ पाहिला, मागची लांबट सोंड पाहिली, टाचणीसुद्धा लावून पाहिली. शंकेला जागा नव्हती. हातभर अंतरावर, शेताच्या बाजूने, रुंदीकरणाच्या हद्दीची चुन्याची रेघ ओढलेली होती, आणि तिच्या टोकाला शे-दोनशे पावलांवर जेसीबी उभा होता.

कंपनीचा तरुण इंजिनिअर तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये होता. फार सभ्य मुलगा. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, फाइल उघडली आणि तक्ता माझ्याकडे फिरवला.

“मॅडम, हा तुमचाच कागद. या किलोमीटरला ‘नाही’ आहे. सही तुमची आहे.”

“हो. ते चुकले.”

“मग मी काय करू? मला वरून विचारलं तर काय दाखवू, फुलं?” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, अडचण होती. “तुम्ही लेखी द्या की हा कागद चुकीचा आहे. मी चार दिवस या उताराला हात लावत नाही. पुढची कामं आधी घेतो. त्यापलीकडे माझा इलाज नाही.”

मी महाविद्यालयात परत आले आणि सरांना सगळे सांगितले. त्यांनी जुन्या तक्त्यांची फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, “काकू, लेखी देणं सोपं आहे. पण हे एक ‘नाही’ चुकलं, तर त्याच रस्त्यावरच्या बाकीच्या ‘नाहीं’चं काय? आणि आधीच्या दोन रस्त्यांचं? तेही दुष्काळातच केलेत आपण.”

याचा मी विचारच केला नव्हता. मला एक उतार वाचवायचा होता, आणि सरांच्या एका प्रश्नाने माझे सहा वर्षांचे काम संशयात आले. माझेच नाही, त्यांचेही; तक्त्यावर त्यांचा शिक्का असे. त्या सगळ्या कडा मी मनातल्या मनात पुन्हा चालून गेले. किती ठिकाणी मी वाळलेल्या मातीकडे पाहून फुली मारली होती! त्या जागांवर आता डांबर होते. तिथे खाली काही निजले होते की नव्हते, हे आता कोणालाही कळणार नाही. ही हळहळ मला आजही आहे आणि तिला उपाय नाही.

मी पत्र लिहिले. त्यात मी असे म्हटले की दुष्काळी वर्षांत माझ्या सहीने दिलेल्या सर्व तक्त्यांतील ‘नाही’ हा शब्द ‘त्या दिवशी दिसले नाही’ असा वाचावा, आणि देवगावच्या रस्त्याच्या बाबतीत स्थानिक माहिती मिळालेली असूनही मी ती नोंदवली नव्हती. हे शेवटचे वाक्य सरांनी दोनदा वाचले. “हे घालायलाच हवं का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “सर, झाले ते तसेच झाले आहे.” त्यांनी खिशातून पेन काढले आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. त्यानंतर विभागाला त्या कंपनीचे काम पुन्हा मिळाले नाही. सरांनी मला त्याबद्दल कधीही बोलून दाखवले नाही, आणि ‘काकू’ म्हणायचेही थांबले नाहीत.

पत्रामुळे मिळालेल्या चार दिवसांत उतारावरची झाडे उचलायची होती. पुस्तकात आमरी हलवण्याच्या पुष्कळ पद्धती आहेत, पण माझ्यापाशी माणसे नव्हती. मथुराबाईंनी वस्तीवरच्या पाच-सहा बाया बोलावल्या. मी त्यांना सांगत होते की झाडापासून वीतभर लांब खणायचे, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. त्यातली एक म्हणाली, “बाई, भुईमुगाच्या शेंगा काढत जलम गेला आमचा. तुम्ही फकस्त मोजा.” खरोखर, दोनच गोळे फुटले आणि तेही माझ्या हातून. फुटलेल्या गोळ्यात मी प्रथमच ते पाहिले: एकमेकाला लागून दोन गड्डे, एक सुरकुतलेला, एक टणक आणि पांढरा. गेले वर्ष आणि पुढचे वर्ष हातात घेतल्यासारखे वाटले.

मग कुठे लावायचे यावरून वाद झाला. मला सगळे महाविद्यालयाच्या बागेत न्यायचे होते.

“कालेजात? तिथं पानी घालनारे लई असतील,” मथुराबाई म्हणाल्या. “उन्हाळ्यात बी घालतील. ह्याला उन्हाळ्यात पानी घातलं की सडतंय बगा.”

“पण तुमच्याकडे कुठे लावणार?”

“माझ्या बांधाला. हीच माती, हेच पानी. दोन हाताचा पट्टा सोडते मी.” आणि मग, जरा ठसक्यात, “मला कुनी इचारलं का आजवर? आता तरी आयका.”

मी निम्मे त्यांना दिले आणि निम्मे गाडीत घातले. रशीदभाईंनी गोणपाट ओले करून वर पसरले आणि शहरापर्यंत गाडी इतकी हळू आणली की मागच्या ट्रकवाल्यांनी आमचा यथेच्छ उद्धार केला.

मथुराबाईंचे बरोबर होते. महाविद्यालयाच्या बागेतली झाडे पुढच्या पावसाळ्यात चार-दोनच उगवली आणि फुलली नाहीत. माळ्याने उन्हाळाभर प्रेमाने पाणी घातले होते. बांधावरची मात्र उगवली. सगळी नव्हेत, पण वीस-पंचवीस दांडे मी स्वतः पाहिले, आणि मथुराबाईंनी ते आपली लेकरे दाखवावीत तशा अभिमानाने दाखवले.

त्यानंतर पुन्हा पाऊस कमी झाला. त्या वर्षी बांधावर एकही पान आले नाही. पुढच्या वर्षी पाऊस मध्यम, पण पान नाही. यंदा तर तिसरे वर्ष. मी मध्यंतरी निवृत्त झाले, पण नाद सुटत नाही म्हणून दर भाद्रपदात रशीदभाईंबरोबर जाऊन येते. त्यांनी आता स्वतःची रिक्षा घेतली आहे, आणि तेवढ्या एका फेरीसाठी ते त्यांच्या भाच्याची गाडी मागून आणतात. यंदा गेलो तेव्हा मथुराबाई बांधावरच बसल्या होत्या. त्यांच्या शेताचा रस्त्याकडचा तुकडा रुंदीकरणात गेलेला आहे. राहिलेल्या शेतात दोन हात पट्टा मोकळा सोडणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांनी चार वर्षे तिथे खुरपे लावलेले नाही, शेळी बांधलेली नाही.

“बाई, आता खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “हाय का नाय? पोरगा रोज इचारतो. नसंल तर म्या पुढच्या साली ह्या पट्ट्यात तूर पेरते. असंल तर ऱ्हाऊ देते. तुम्ही म्हनाल तसं.”

“तुम्हाला काय वाटते? निजली असतील?”

“मला काय वाटायचंय? तीन सालं निजलेलं म्या बी कधी पाह्यलं नाय.” त्या हसल्या. “तुम्ही शिकलेल्या. तुमाला म्हाइत असंल म्हनून इचारते.”

मला माहीत नाही. सरांना विचारले, त्यांनाही खात्री नाही. काही जातींचे गड्डे दोन वर्षे निजून राहिल्याच्या नोंदी आहेत, काहींच्या त्याहून अधिक, पण त्या दुसऱ्या मातीतल्या आणि दुसऱ्या पावसाच्या आहेत. एक जागा खणून पाहिली तर कळेल, असे रशीदभाई म्हणाले. खरे आहे, पण खणलेला गड्डा पुन्हा जगेलच असे नाही, आणि एक मेलेला सापडला म्हणून बाकीचे मेले असेही म्हणता येत नाही. त्या दिवशी मी खुरपे हातात घेतले होते. ते तसेच मथुराबाईंना परत दिले आणि म्हटले, “दिवाळीनंतर सांगते.”

आता तूर पेरायची म्हणजे येत्या उन्हाळ्यातच त्या पट्टा नांगरून घेणार, आणि नांगर एकदा फिरला की पुढे काही विचारायलाच उरणार नाही. थांबा म्हणावे, तर ज्या बाईने आपल्या तोंडची जमीन सोडून माझी चूक सांभाळली तिला मी आणखी किती काळ एका रिकाम्या बांधावर बसवून ठेवू? दिवाळी झाली की मला उत्तर द्यायला जायचे आहे आणि या वेळी रकाना नाही, समोर माणूस आहे. म्हणून संकोच बाजूला ठेवून विचारते: माझ्या जागी तुम्ही असता, तर मथुराबाईंना आणखी किती पावसाळे थांबायला सांगितले असते?